शाळेत असताना गेमची फॅन साइट काढायची आहे? इथून सुरुवात करा

माइनक्राफ्ट या खेळाबद्दल मराठीत धड वाचायला काही मिळत नव्हतं, म्हणून आम्ही चार मित्रमैत्रिणींनी नववीत असताना त्याची एक छोटी साइट काढली. बारावीपर्यंत चालवली आणि मग शाळेतल्या धाकट्या मुलांकडे सोपवली. त्या काळात आम्हाला प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागली. डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, कुणाच्या नावावर घ्यायचा, खेळातली चित्रं वापरता येतात का, मराठी अक्षरं फोनवर वेडीवाकडी का दिसतात, दहावीचं वर्ष आलं की साइटचं काय करायचं. हे सगळं एका जागी असावं म्हणून हा लेख.

हे काम मुलांना जमतं, याबद्दल मनात शंका ठेवू नका. पोकेमॉनची सेरेबी.नेट ही साइट जो मेरिकने १९९९ मध्ये शाळकरी वयात सुरू केली. ती आजही चालू आहे आणि जगभरचे खेळाडू तिच्यावर विसंबतात. उदाहरणं मी माइनक्राफ्टची देणार आहे, कारण मला तोच खेळ नीट माहीत आहे. पायऱ्या कुठल्याही खेळाला लागू पडतील.

हे आधी जमवा

- दोन ते पाच जणांचा गट. एकट्याने सुरू होतं, पण परीक्षेच्या काळात एकट्याने चालत नाही.
- निदान एक लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. लिहिणं आणि तपासणं फोनवर होतं, साइटची मांडणी फोनवर करताना जीव जातो.
- प्रत्येकाच्या फोनवर तो खेळ, रीतसर विकत घेतलेला.
- साइटसाठी वेगळा ईमेल पत्ता. कुणाचाही खाजगी पत्ता यात आणू नका.
- आई, बाबा, ताई, दादा, काका यांपैकी १८ वर्षांवरचं एक माणूस, जे पैसे भरायला आणि नाव द्यायला तयार आहे.
- साधारण हजार-बाराशे रुपये, तेही डोमेन घ्यायचं असेल तरच. बाकी सगळं फुकटात होतं.
- एक जाड वही. कशासाठी, ते दहाव्या पायरीत येईल.

१. अख्खा खेळ नको, एक कोपरा धरा

नवी साइट बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहिल्याच दिवशी ठरवलेली ‘सगळं काही’ची यादी. माइनक्राफ्टची इंग्रजी विकी हजारो पानांची आहे आणि जगभरातले लोक ती वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. तुम्हाला तिच्याशी स्पर्धा करायची नाही. तिच्यात नाही असं काय देता येईल, ते शोधा.

आम्ही धरलेला कोपरा असा होता: फोनवर बेडरॉक (माइनक्राफ्टची फोनवर चालणारी आवृत्ती) खेळणाऱ्या, इंग्रजी जेमतेम वाचणाऱ्या मुलाला पहिल्या काही रात्री जिवंत राहायला लागेल तेवढं. एवढंच. पहिली झोपडी, उजेड, शेती, खाण, गावकऱ्यांशी व्यवहार. वीसेक पानांत आटोपलं आणि ती वीस पानं नीट होती.

साइट ‘पूर्ण झाली’ हे समाधान हवं असेल, तर शेवट असलेला छोटा खेळ निवडा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० साली आलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ मला या कामासाठी फार आवडतो. भाऊ गोलूला शोधायला निघालेली राजी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, मधूनमधून येणारे छायाबाहुल्यांचे प्रसंग. यातल्या प्रत्येक गोष्टीवर मराठीत लिहायला भरपूर आहे आणि ते लिहायला लागणारी माहिती आपल्या आजीकडेही असू शकते.

२. घरच्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा

चोरून साइट काढणारे पुढे कुठेतरी अडकतातच, कारण नियमच तसे आहेत. भारतात १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही. डोमेन घेणं, जाहिरातीचं खातं उघडणं, हे सगळे करारच आहेत. ते मोठ्या माणसाच्या नावावरच व्हायला हवेत. गिटहब (साइटच्या फायली ठेवायची सेवा), डिस्कॉर्ड आणि गुगलचं स्वतंत्र खातं यांना १३ वर्षं पूर्ण लागतात. गटात सहावीतला धाकटा भाऊ असेल तर त्याला वय खोटं टाकून खातं काढून देऊ नका. तो खेळात तपासणी करेल, चित्रं काढेल, लेख वाचून चुका सांगेल. त्यासाठी खातं लागत नाही.

घरी सांगताना ‘वेबसाइट काढतोय’ एवढं सांगून थांबू नका. काय लिहिणार, नावं दिसणार का, अनोळखी लोकांशी बोलणं होणार का, आठवड्यातले किती तास जाणार आणि परीक्षेच्या वेळी काय करणार, या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्या. आईबाबांच्या मनात हेच प्रश्न असतात.

३. नाव आणि मालकाचे नियम

साइटचं नाव ठरवण्याआधी त्या खेळाच्या कंपनीचे चाहत्यांसाठीचे नियम वाचा. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते जाहीर केलेले असतात. माइनक्राफ्टचे नियम दोन गोष्टींवर ठाम आहेत. तुमची साइट अधिकृत आहे असं कुणाला वाटता कामा नये आणि ‘माइनक्राफ्ट’ हा शब्द तुमच्या नावात मुख्य असता कामा नये. म्हणजे ‘माइनक्राफ्ट मराठी’ हे मुख्य नाव चालणार नाही. ‘पहिली रात्र’ असं स्वतःचं नाव घेऊन त्याखाली बारीक अक्षरांत ‘माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांसाठी मराठी मार्गदर्शन’ असं लिहिता येईल. हे अधिकृत माइनक्राफ्ट उत्पादन नाही, मोजांग (खेळ बनवणारी कंपनी) किंवा मायक्रोसॉफ्ट (तिची मालक) यांची याला मान्यता नाही आणि त्यांच्याशी याचा संबंध नाही, ही सूचनाही स्पष्ट दिसेल अशी लावावी लागते. नियमांत तिचा इंग्रजी मजकूर दिलेला आहे. तो तसाच घ्या आणि खाली मराठीत अर्थ द्या.

खेळाचा लोगो शीर्षपट्टीवर चिकटवू नका. तुमच्यातलं जे कुणी चित्रं काढतं, त्याला किंवा तिला साइटचं चिन्ह काढायला सांगा. ते साधं असलं तरी तुमचं असेल.

४. साइट कुठे ठेवायची

इथे थोडा वेळ द्या, कारण हा निर्णय नंतर बदलायला फार त्रास होतो.

पहिला मार्ग म्हणजे फॅन्डमसारख्या तयार विकी सेवेवर पान उघडणं. दहा मिनिटांत सुरू होतं, पैसे लागत नाहीत. पण पानावर कोणत्या जाहिराती दिसाव्यात हे तुमच्या हातात नसतं आणि उद्या निघून जायचं ठरवलं तरी जुनी विकी तिथेच राहते. माइनक्राफ्ट विकीच्या लोकांनी २०२३ मध्ये फॅन्डम सोडून स्वतःच्या पत्त्यावर घर हलवलं. झेल्डाच्या विकीने २०२२ मध्ये आणि रूनस्केपच्या विकीने त्याआधी २०१८ मध्ये तेच केलं. माइनक्राफ्टची जुनी विकी अजून फॅन्डमवर आहे आणि शोधताना लोक तिच्यावर जाऊन पोचतात. इतक्या मोठ्या समूहांना स्थलांतर जड गेलं, तर चार शाळकरी मुलांना किती जड जाईल याचा अंदाज करा.

फुकट जागा कायम राहते असंही नाही. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर त्या पिढीतल्या असंख्य मुलांनी आपल्या आवडत्या खेळांची पानं मांडली होती. याहूने ती सेवा १९९९ मध्ये विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत बंद केली. ज्यांनी आपल्या पानांची प्रत घरी ठेवली नव्हती, त्यांचं बरंचसं लिखाण गेलं.

दुसरा मार्ग वर्डप्रेसचा, म्हणजे भाड्याची जागा घेऊन त्यावर साइट चढवायची. दिसायला छान, पण दरवर्षी पैसे लागतात आणि प्लगइन सतत अद्ययावत करावे लागतात. परीक्षेच्या दोन महिन्यांत कुणी लक्ष दिलं नाही की त्यातलं एखादं भोक सापडून साइटवर भलत्याच जाहिराती दिसू लागतात.

माझी शिफारस तिसऱ्या मार्गाची आहे: साध्या स्थिर पानांची साइट, गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबवरच्या फायलींची फुकट साइट करून देणाऱ्या सोयीवर. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडण्यासारखंही फारसं काही नाही. साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत चालते. शाळकरी साइटला हे पुरून उरतं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुमचं सगळं लिखाण साध्या फायलींच्या रूपात तुमच्या लॅपटॉपवरही असतं. उद्या ती सेवा बंद झाली, तर त्याच फायली दुसरीकडे चढवायच्या.

५. गिटहबवर मांडणी

पानं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याच्या पद्धतीत, लिहा. ते शिकायला एक दुपार पुरते. गिटहब पेजेस जेकिल नावाच्या साधनाने त्यांची वेबपानं करून देतं. तयार साचा घ्या, रंग बदला आणि लिहायला लागा. पहिला महिना सजावटीत घालवणारे गट मी पाहिले आहेत. त्यांची मुखपृष्ठं सुंदर असतात आणि आत पानं नसतात.

तीन सापळे इथे आहेत.

पहिला: फुकट खात्यावर पेजेस वापरायचं तर तुमचा साठा (गिटहबवरचा तुमच्या फायलींचा संग्रह, रिपॉझिटरी) सार्वजनिक असावा लागतो. म्हणजे प्रत्येक बदलासोबत कुणी केला, कधी केला आणि कोणत्या ईमेलने केला, हे जगाला दिसतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ईमेल खाजगी ठेवण्याचा पर्याय आहे. तो पहिला बदल साठवण्याआधी चालू करा. लॅपटॉपवरून काम करणार असाल तर खऱ्या ईमेलऐवजी वापरायला गिटहब देतं तो noreply पत्ता लॅपटॉपवरच्या गिटमध्येही (बदल साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाका. वापरकर्तानाव म्हणून स्वतःचं पूर्ण नाव, शाळेचं नाव किंवा जन्मवर्ष टाकू नका.

दुसरा: फाईल खोडली म्हणजे ती गेली असं नसतं. जुन्या नोंदींत ती राहते. पासवर्ड, फोन नंबर, गटाचा फोटो चुकूनही त्यात टाकू नका.

तिसरा: फायलींची नावं देवनागरीत देऊ नका. पत्ता कुणाला पाठवला की त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबच लांब ओळ होते आणि ती बघून लोक दुवा उघडत नाहीत. फाईलचं नाव रोमन लिपीत, पानाचं शीर्षक मराठीत.

६. डोमेन

पहिले सहा महिने डोमेन घेऊ नका. गिटहबचा फुकट पत्ता चालतो. सहा महिन्यांनंतरही गट टिकून असेल, तर घ्या.

घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे पाहू नका, दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण किती आहे ते पाहा. नोंदणीनंतर मोठ्या माणसाच्या ईमेलवर पडताळणीचा दुवा येतो. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी तो १५ दिवसांत उघडला नाही तर डोमेन थांबवलं जातं आणि साइट अचानक गायब होते. तो ईमेल बाबांच्या कामाच्या शेकडो ईमेलमध्ये बुडतो, म्हणून त्याच दिवशी शेजारी बसून दुवा उघडून घ्या. परदेशी कंपनीकडून घेतलं असेल, तर भारतीय कार्डावरून दरवर्षी आपोआप पैसे कापले जातील यावर विसंबू नका. ती वजावट बऱ्याचदा अडते. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण गटातल्या दोघांच्या फोनवर लावा.

डोमेन गिटहबला जोडल्यावर सुरक्षित जोडणीचा (https) पर्याय लगेच चालू होत नाही, २४ तासांपर्यंत वाट पाहावी लागते. तेवढ्यात घाबरून सेटिंग उलटसुलट करत बसू नका.

७. पानं लिहिणं: खेळात पाहिलं तेच लिहा

साइटचा जीव इथे आहे. मुलं तुमच्या पानावर येतात, वाचतात आणि लगेच खेळात करून बघतात. एकदा चुकीचं निघालं की ती परत येत नाहीत.

हिऱ्यांचं उदाहरण घ्या. इंटरनेटवर आजही कित्येक ठिकाणी लिहिलेलं सापडतं की हिरे वाय (खेळातला उंचीचा आकडा) ११ किंवा १२ च्या थरावर शोधा. ते एकेकाळी बरोबर होतं. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १.१८ आवृत्ती आली आणि जगाचा तळ शून्यावरून उणे ६४ पर्यंत खाली गेला. आता जितकं खोल जाल तितके हिरे जास्त, म्हणून खेळाडू उणे ५९ च्या आसपास खोदतात. उजेडाचंही तसंच. पूर्वी प्रकाश ७ किंवा त्याहून कमी असला की राक्षस उगवायचे. १.१८ नंतर साधारण जगात त्यांना मशालीसारख्या दिव्यांचा उजेड अजिबात नसलेली जागा लागते. त्यामुळे मशाली किती अंतरावर लावायच्या, याचा जुना हिशेब आता लागू नाही.

आवृत्तीइतकाच घोळ जावा (कॉम्प्युटरवरचा माइनक्राफ्ट) आणि बेडरॉक यांत होतो. जावामध्ये ढाल माउसचं उजवं बटण दाबून धरली की उभी राहते, बेडरॉकमध्ये खाली वाकलं की. जावामध्ये तलवारीचे वार घाईघाईने केले तर त्यांचा जोर कमी पडतो, बेडरॉकमध्ये तसं नाही. रेडस्टोनच्या (खेळातल्या विजेसारख्या वस्तूच्या) काही जोडण्या जावात चालतात आणि बेडरॉकवर नुसत्या पडून राहतात. आपल्याकडची बहुतेक मुलं फोनवर, म्हणजे बेडरॉक खेळतात आणि वाचायला मिळतं ते बरंचसं जावाबद्दल. मराठी साइटचा खरा उपयोग या फरकातच आहे.

म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ सक्तीची करा: कोणती आवृत्ती, जावा की बेडरॉक, कोणत्या उपकरणावर, कोणत्या महिन्यात तपासलं. ही ओळ नाही तर पान चढवायचं नाही. आमचा हा नियम होता आणि त्यानेच आमची साइट टिकली.

तपासायचं कसं? शेतीचं पान घेऊ. पाण्याचा एक ठोकळा सभोवती चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली ठेवतो, असं तुम्ही कुठेतरी वाचलं. क्रिएटिव्ह प्रकारात (ज्यात सगळे ठोकळे हवे तितके मिळतात) सपाट जग उघडा. नऊ बाय नऊचा वाफा करा, मधोमध पाणी ठेवा. कोपऱ्यातली जमीन ओली होते का, ते रंगावरून कळतं: ओली माती गडद दिसते. मग दहावी रांग जोडा आणि ती कोरडी राहते हे डोळ्यांनी बघा. आता तुम्ही लिहू शकता की एका पाण्यावर ऐंशी रोपं बसतात. सोबत स्वतः काढलेला स्क्रीनशॉट द्या. हेच दुसऱ्या कुणीतरी आपल्या फोनवर, पहिल्याचं पान न बघता करायचं. दोघांचं जुळलं की पान तयार.

चॅटबॉटकडून पान लिहून घेण्याचा मोह होईल. तो जावा आणि बेडरॉक, जुनं आणि नवं एकत्र कालवून छान मराठीत देतो आणि चूक कुठे आहे ते वाचून कळत नाही. वाक्य सुधारायला हवं तर वापरा, माहितीसाठी नको.

इंग्रजी विकीचं भाषांतर करायचं असेल तर तिचा परवाना आधी वाचा. माइनक्राफ्ट विकीचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली आहे, ज्यात श्रेय द्यावं लागतं, तुमचं भाषांतर त्याच परवान्याखाली ठेवावं लागतं आणि त्याचा व्यापारी वापर करता येत नाही. म्हणजे भाषांतरित पानांवर जाहिराती लावणं नियमात बसत नाही. माहितीवर कुणाची मालकी नसते, शब्दांवर असते. माहिती खेळात तपासा आणि आपल्या शब्दांत लिहा, मग हा प्रश्नच येत नाही.

भाषेचं म्हणाल तर पडद्यावर जी नावं दिसतात ती तशीच, देवनागरीत लिहा: बोन मील, क्रीपर, क्राफ्टिंग टेबल. मुलाला पडद्यावर तेच शोधायचं असतं. बाकी सगळं घरच्या मराठीत. क्रीपर की क्रिपर, चेस्ट की पेटी, हे एका फाईलमध्ये ठरवून ठेवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या. वाचणाऱ्याच्या मागे झोंबी लागलेला असतो.

८. मराठी अक्षरं

सगळं युनिकोडमध्येच लिहा. घरी कुणाचं छपाईचं काम असेल आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर जुना श्रीलिपी फॉन्ट असेल, तर त्यात टाइप केलेला मजकूर साइटवर निरर्थक चिन्हांत दिसेल.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे सांगणारा संकेत द्या. बरेच साचे इंग्रजीचा संकेत लावून येतात आणि कुणी तो बदलत नाही. तो बदलला की काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाने दाखवतात, स्क्रीन रीडरही योग्य आवाज निवडतो. फॉन्ट निवडण्याआधी ‘दऱ्याखोऱ्यांत’, ‘वाऱ्यावर’ आणि ‘सूर्या’ हे शब्द त्यात लिहून बघा. पहिल्या दोन शब्दांतला र आडवा आणि तिसऱ्यातला रफार बरोबर दिसला तर फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ मला सगळ्यात चांगला वाटतो. दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक, कारण देवनागरी फॉन्टच्या फायली जड असतात. ओळींमधलं अंतर इंग्रजी साच्यातल्यापेक्षा वाढवा, अक्षराच्या आकाराच्या १.६ पट तरी, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात.

९. चित्रं

स्क्रीनशॉट स्वतः काढा, दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. खेळाच्या फायलींमधून चित्रं किंवा आवाज बाहेर काढून साइटवर ठेवू नका. चढवण्याआधी आकार कमी करून वेबपी प्रकारात साठवा. त्यासाठी स्क्वूश हे फुकट साधन पुरे. दोन-तीन एमबीचं चित्र शंभर-दोनशे केबीवर येतं. तुमचा वाचक दिवसाचा ठरावीक डेटा वापरणारा आहे, हे लक्षात ठेवा. आणि स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात मित्राचं खेळातलं नाव, वर आलेला व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप असं काही दिसत नाही ना, ते बघा.

१०. खाती एकाच्या हातात ठेवू नका

गट फुटतात. कुणी अकरावीला दुसऱ्या गावी जातं, कुणाचा फोन हरवतो, कुणाचं भांडण होतं. पासवर्ड ज्याच्याकडे, साइट त्याची अशी वेळ येऊ देऊ नका. गिटहबवर वैयक्तिक खात्याऐवजी संघटनेचं खातं उघडा. तेही फुकट आहे. दोघांना मालक करा. दुहेरी पडताळणी चालू केल्यावर जे परतीचे संकेत (फोन हरवला तरी खात्यात शिरता येईल असे कोड) मिळतात, ते त्या जाड वहीत लिहा आणि वही मोठ्या माणसाच्या कपाटात ठेवा. डोमेन कुठून घेतलं, मुदत कधी, साइटचा ईमेल कोणता, तेही त्यातच. नवा फोन घेण्याआधी पडताळणीचं अ‍ॅप नव्या फोनवर हलवलं का, हे एकमेकांना विचारत जा.

कामं नावानिशी वाटा: कोण लिहितं, कोण तपासतं, कोण चढवतं. जो लिहितो त्यानेच तपासायचं नाही, एवढं पाळा.

११. वाचक आणि अनोळखी माणसं

तुमचे वाचकही तुमच्यासारखेच १८ च्या आतले असणार. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, त्यांच्या वावरावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई, अशी त्याची रचना आहे. सोपा उपाय: काहीही गोळा करू नका. लॉगिन नको, वाचकांची नोंदवही नको. चूक कळवण्यासाठी एक फॉर्म ठेवा ज्यात नाव, वय, नंबर काहीच विचारलेलं नाही. फक्त पान कोणतं आणि काय चुकलं. आम्हाला सगळ्यात उपयोगी सूचना अशाच फॉर्ममधून मिळाल्या.

साइटच्या ईमेलवर मोठी माणसंही लिहितात. बहुतेक चांगली असतात. पण कुणी खाजगी नंबर मागितला, फोटो मागितला, ‘हे तुझ्या आईबाबांना सांगू नको’ म्हणालं, किंवा फुकट रत्नं, कॉइन्स देतो म्हणून दुवा पाठवला, तर उत्तर न देता निरोपाचा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी घरी दाखवा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर आहेत. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. साइटच्या ईमेलचा पासवर्ड मोठ्या माणसाकडे असू द्या. यात आपल्यावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही.

१२. पैशाचं

गुगलच्या जाहिरातींसाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी पालकांनी स्वतःच्या खात्यातून अर्ज करावा लागतो आणि पैसेही त्यांच्याकडेच येतात. मी म्हणेन, जाहिराती लावूच नका. थोडक्या वाचकांवर मिळणारी रक्कम किरकोळ असते. तिच्यासाठी लहान मुलांसमोर कुठल्या जाहिराती येतील याची जबाबदारी तुमच्यावर येते आणि गटात पैशावरून कुरबुर सुरू होते. डोमेनचा खर्च चौघांत वाटून घेणं फार सोपं आहे.

१३. परीक्षा, अपडेट आणि पुढच्यांकडे सोपवणं

माइनक्राफ्टचं पूर्वी बहुधा वर्षाला एक मोठं अपडेट यायचं. २०२४ पासून मोजांगने वर्षातून अनेक छोटी अपडेट देण्याचं धोरण घेतलं आहे. दर अपडेटनंतर बदलांची अधिकृत यादी वाचा, त्यातल्या कशाचा आपल्या कोणत्या पानाशी संबंध आहे त्यावर खूण करा आणि फक्त तेवढीच पानं पुन्हा तपासा.

बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. दहावी-बारावीतल्यांनी डिसेंबर ते मार्च साइटला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवा आणि मुखपृष्ठावर तसं लिहा: ‘एप्रिलपर्यंत नवी पानं येणार नाहीत.’ वाचक समजून घेतात. गटात आठवी-नववीतलं कुणी असेल तर त्या काळात चुका दुरुस्त करण्याचं काम त्यांच्याकडे द्या. पुढे साइट त्यांनाच चालवायची आहे, त्याचा सराव तिथून सुरू होतो.

सोपवताना नव्या दोघांना गिटहबवर मालक करा, महिनाभर त्यांच्यासोबत राहा, मग स्वतःचं नाव काढा. डोमेन त्यांच्या घरच्या मोठ्या माणसाच्या नावावर करून द्या. डॉट कॉमसारखं डोमेन नुकतंच घेतलेलं किंवा हलवलेलं असेल तर ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, म्हणून हे काम बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका. वही त्यांच्या हातात द्या आणि त्यात लिहिलेल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्यांच्यासमोर बदला.

चालवायला कुणीच मिळालं नाही, तरी साइट पुसू नका. प्रत्येक पानाच्या वर ‘या आवृत्तीपर्यंत तपासलेलं आहे, पुढचे बदल यात नाहीत’ अशी ओळ टाका, पानं वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) साठवा आणि गिटहबवर साठा फक्त वाचनासाठी करून ठेवा. सोडून दिलेलं डोमेन जुगाराच्या जाहिराती लावणारे लोक विकत घेतात आणि तुमच्या जुन्या दुव्यांवरून लहान मुलं तिथे जाऊन पोचतात. म्हणून डोमेनची मुदत संपायच्या निदान वर्षभर आधी साइटवर गिटहबचा फुकट पत्ता ठळकपणे लिहा, शाळेच्या गटांत, मित्रांकडे, जिथे जिथे जुना पत्ता दिला होता तिथे नवा कळवा आणि मगच ते डोमेन सोडा.